नागरिकांची शस्त्रधारणा आणि समाजाची सुरक्षितता : अमेरिकी अनुभवाचे विवेचन

प्रस्तावना :

नागरिकाच्या हाती बंदूक असल्यास समाज अधिक सुरक्षित होतो काय, हा प्रश्न राज्यशास्त्र, समाजशास्त्र, कायदा, सार्वजनिक आरोग्य आणि संख्याशास्त्र या सर्व ज्ञानशाखांना स्पर्श करणारा आहे. या प्रश्नाचा सर्वाधिक ऊहापोह अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला आहे. त्याचे कारण उघड आहे. जिनीव्हा येथील 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेच्या अंदाजानुसार २०१७ साली जगभरातील नागरिकांकडे सुमारे ८५ कोटी ७० लाख अग्निशस्त्रे होती. त्यांपैकी सुमारे ३९ कोटी ३० लाख शस्त्रे एकट्या अमेरिकेत होती. जगाच्या लोकसंख्येत चार टक्क्यांहून थोडा अधिक वाटा असलेल्या या देशाकडे नागरी शस्त्रांचा जवळजवळ ४६ टक्के वाटा होता. दर शंभर रहिवाशांमागे १२० शस्त्रे, म्हणजे माणसांपेक्षा बंदुका अधिक, अशी स्थिती अन्य कोणत्याही देशात आढळत नाही.

या देशात बंदुकीचे समर्थक आणि विरोधक दोघेही 'सुरक्षितता' हाच शब्द वापरतात. समर्थकांच्या मते सज्जनाच्या हातातील शस्त्र दुर्जनाला धाक घालते. विरोधकांच्या मते शस्त्रांची संख्या वाढली की मृत्यूंची संख्याही वाढते. दोन्ही पक्ष आकडेवारी पुढे करतात. तरीही वाद मिटत नाही. असे का होते आणि उपलब्ध पुरावा प्रत्यक्षात काय सांगतो, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) अमेरिकेतील शस्त्रधारणेच्या हक्काची घटनात्मक पार्श्वभूमी थोडक्यात स्पष्ट करणे.
२) बंदुकीमुळे होणाऱ्या मृत्यूंचे स्वरूप समजून घेणे.
३) स्वसंरक्षणाच्या युक्तिवादाची आणि त्यामागील संशोधनाची चिकित्सा करणे.
४) अन्य देशांच्या अनुभवाशी तुलना करून भारतीय संदर्भात त्याचा अर्थ तपासणे.

घटनात्मक पार्श्वभूमी :

अमेरिकी राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ साली अमलात आली. सुनियंत्रित नागरी सेना ही स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक असल्याचा उल्लेख करून लोकांच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कास बाधा आणू नये, असे ही दुरुस्ती सांगते. हा हक्क नागरी सेनेच्या संदर्भात आहे की प्रत्येक व्यक्तीचा आहे, हा वाद दोन शतके चालला. २००८ साली 'डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा बहुमताने तो व्यक्तीचा हक्क असल्याचा निर्णय दिला आणि राजधानी वॉशिंग्टनमधील पिस्तूलबंदी रद्द केली. २०१० च्या 'मॅक्डोनाल्ड विरुद्ध शिकागो' या निर्णयाने तो हक्क घटकराज्यांनाही लागू झाला. २०२२ च्या 'ब्रुएन' निर्णयाने घराबाहेर शस्त्र बाळगण्यासही घटनात्मक संरक्षण मिळाले. मात्र हा हक्क अमर्याद नाही, हे हेलर निर्णयातच नमूद आहे. २०२४ साली 'रहीमी' खटल्यात कौटुंबिक हिंसाचाराबद्दल न्यायालयीन मनाई आदेश असलेल्या व्यक्तीकडून शस्त्र काढून घेणारा कायदा न्यायालयाने वैध ठरविला.

कायदेमंडळाच्या पातळीवर १९३४ च्या कायद्याने मशीनगनसारख्या शस्त्रांवर कर व नोंदणीचे बंधन घातले. १९६३ ते १९६८ या काळात जॉन केनेडी, मार्टिन ल्यूथर किंग व रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या आणि १९६८ चा शस्त्रनियंत्रण कायदा संमत झाला. १९९३ च्या ब्रेडी कायद्याने परवानाधारक विक्रेत्याकडून खरेदी करणाऱ्याची पूर्वपडताळणी सक्तीची केली. परंतु खासगी व्यक्तींमधील विक्रीला संघराज्याच्या पातळीवर ही सक्ती लागू झाली नाही. परिणामी घटकराज्यागणिक कायदे भिन्न राहिले. ही भिन्नता नागरिकांना गोंधळात टाकणारी असली, तरी तिच्यामुळेच संशोधकांना तुलना करता आली.

'सुरक्षितता' कोणापासून? :

या वादातील मूळ गफलत 'सुरक्षितता' या शब्दाच्या अर्थात आहे. बंदूक विकत घेणाऱ्याच्या मनात रात्री घरात शिरणारा चोर किंवा निर्जन रस्त्यावरील लुटारू असतो. 'प्यू रिसर्च सेंटर'ने दिलेल्या आकडेवारीनुसार १९९९ साली बंदूक बाळगण्याचे मुख्य कारण म्हणून ४९ टक्के शस्त्रधारकांनी शिकारीचा आणि केवळ २६ टक्क्यांनी संरक्षणाचा उल्लेख केला होता. २०२३ च्या पाहणीत मात्र ७२ टक्के शस्त्रधारकांनी संरक्षण हे प्रमुख कारण असल्याचे सांगितले. (दोन्ही पाहण्यांतील प्रश्नांची रचना सारखी नसल्याने टक्केवारीची थेट वजाबाकी करता येत नाही, दिशा मात्र स्पष्ट आहे.) पूर्वी शिकारीचे साधन असलेली बंदूक आता परक्याच्या भीतीपोटी घरात येऊ लागली आहे.

मृत्यूंच्या नोंदी मात्र वेगळेच चित्र दाखवितात. २०२३ साली अमेरिकेत बंदुकीमुळे ४६,७२८ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी २७,३०० म्हणजे सुमारे ५८ टक्के मृत्यू आत्महत्येचे होते. १७,९२७ म्हणजे सुमारे ३८ टक्के मृत्यू खुनाचे होते. उर्वरित मृत्यूंत अपघात, पोलिसी कारवाई व कारण निश्चित न झालेली प्रकरणे येतात. वृत्तपत्रांचे मथळे व्यापणाऱ्या सामूहिक गोळीबारांत होणारे मृत्यू या एकूण संख्येचा अल्प भाग आहेत. २०२० साली एक ते एकोणीस वर्षे वयोगटातील मृत्यूंच्या कारणांत बंदुकीने रस्ते अपघातांनाही मागे टाकले.

याचा अर्थ असा की, परक्या हल्लेखोराच्या भीतीने घेतलेले शस्त्र ज्या समाजात मोठ्या प्रमाणावर आहे, तेथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यूंत कोणी परका हल्लेखोर नसतोच. सुरक्षिततेचा हिशेब मांडताना केवळ टळलेल्या चोऱ्या मोजल्या आणि घरातले मृत्यू वगळले, तर तो हिशेब अपुरा राहतो.

स्वसंरक्षणाचा युक्तिवाद :

बंदुकीच्या समर्थकांचा युक्तिवाद दुर्लक्षिण्यासारखा नाही. पोलीस प्रत्येक ठिकाणी वेळेवर पोहोचू शकत नाहीत. एकटी राहणारी स्त्री, दूरच्या शेतावर राहणारे कुटुंब किंवा पूर्वी हल्ला झालेली व्यक्ती यांना शस्त्राचा आधार वाटणे स्वाभाविक आहे. शस्त्रामुळे प्रत्यक्ष हल्ले परतविले गेल्याची उदाहरणेही आहेत. प्रश्न त्यांच्या संख्येचा आहे.

१९९५ साली गॅरी क्लेक व मार्क गर्ट्झ यांनी सुमारे पाच हजार व्यक्तींच्या दूरध्वनी पाहणीवरून असा अंदाज वर्तविला की, अमेरिकेत दरवर्षी सुमारे २५ लाख वेळा बंदुकीचा स्वसंरक्षणार्थ वापर होतो. याउलट संघ सरकारच्या गुन्हेबळी सर्वेक्षणातून हा आकडा साधारण साठ हजार ते एक लाखाच्या आसपास येतो. दोहोंत पंचवीस ते चाळीस पटींचा फरक आहे. हार्वर्ड विद्यापीठाचे डेव्हिड हेमेनवे यांनी १९९७ साली या फरकाचे संख्याशास्त्रीय स्पष्टीकरण दिले. एखादी घटना अतिशय विरळ असेल, तर पाहणीतील चुकीच्या होकारार्थी उत्तरांचे अल्प प्रमाणही अंदाज प्रचंड फुगविते. त्या काळी अमेरिकेतील प्रौढांची संख्या सुमारे १९ कोटी होती. शंभरातील केवळ एका व्यक्तीने जुनी घटना अलीकडची म्हणून सांगितली किंवा साध्या भांडणाला स्वसंरक्षण म्हटले, तरी देशपातळीवर तो आकडा १९ लाख होतो. शिवाय ज्याला एक पक्ष स्वसंरक्षण म्हणतो, त्यालाच दुसरा पक्ष धमकी म्हणू शकतो. पाहणीत मात्र एकाच बाजूची साक्ष नोंदविली जाते.

दुसरा महत्त्वाचा युक्तिवाद प्रतिबंधक धाकाचा आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉन लॉट यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, ज्या राज्यांनी घराबाहेर शस्त्र बाळगण्याचे परवाने सुलभ केले, तेथे हिंसक गुन्हे घटले. या प्रतिपादनाचा कायदेमंडळांवर मोठा प्रभाव पडला. तथापि अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने नेमलेल्या समितीने उपलब्ध सामग्रीची फेरतपासणी करून २००४ साली असा अहवाल दिला की, अशा कायद्यांमुळे गुन्हे घटले किंवा वाढले, यांपैकी कोणताही निष्कर्ष त्या पुराव्यावरून काढता येत नाही. पुढे २०१९ साली जॉन डोनोह्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिक दीर्घ कालखंडाची सामग्री व नवी तुलनापद्धती वापरली. परवाने सुलभ केल्यानंतर दहा वर्षांनी त्या राज्यांतील हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण अपेक्षित पातळीपेक्षा सुमारे १३ ते १५ टक्के अधिक असल्याचे त्यांना आढळले. रँड संस्थेने २०१८ पासून वेळोवेळी घेतलेल्या संशोधन-आढाव्यांचा कलही याच दिशेने आहे.

येथे कालक्रमाच्या साध्या तुलनेबाबतही सावध राहणे आवश्यक आहे. १९९३ नंतरच्या दोन दशकांत अमेरिकेत बंदुकांची संख्या वाढत गेली आणि बंदुकीने होणाऱ्या खुनांचा दर जवळजवळ निम्म्यावर आला. यावरून 'बंदुका वाढल्या म्हणून गुन्हे घटले' असे म्हटले जाते. परंतु २०२० साली शस्त्रखरेदी मोठ्या प्रमाणात वाढली आणि त्याच वर्षी खुनांची संख्या जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढली. पहिला दाखला समर्थकांना सोयीचा, दुसरा विरोधकांना. अर्थव्यवस्था, अमली पदार्थांचा व्यापार, पोलीस यंत्रणा, महासाथ अशी अनेक कारणे एकाच वेळी कार्यरत असल्याने दोनपैकी कोणताही दाखला स्वतंत्रपणे काही सिद्ध करीत नाही.

संशोधनातील या अपुरेपणाला राजकीय कारणही होते. १९९६ साली अमेरिकी काँग्रेसने 'डिकी दुरुस्ती' संमत करून रोगनियंत्रण केंद्राचा निधी शस्त्रनियंत्रणाच्या प्रचारासाठी वापरण्यास मनाई केली. शब्दशः ही मनाई प्रचाराला होती. तिच्या धास्तीने संशोधनच जवळपास थांबले. २०१९ च्या अखेरीस संमत झालेल्या अंदाजपत्रकात या विषयासाठी पुन्हा अडीच कोटी डॉलर देण्यात आले. मधल्या दोन दशकांची पोकळी मात्र राहून गेली.

घरातील शस्त्र आणि घरातील माणसे :

आर्थर केलरमन व सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घरात बंदूक असणे आणि घरात खून होणे यांत सुमारे २.७ पट जोखमीचा संबंध आढळला. त्याआधी १९९२ साली आत्महत्येबाबत हेच प्रमाण सुमारे ४.८ पट आढळले होते. या अभ्यासांवर एक रास्त आक्षेप घेण्यात आला. ज्यांच्या जीविताला आधीच धोका आहे किंवा ज्यांच्या मनात आधीच आत्मघाताचा विचार आहे, तेच बंदूक विकत घेत असतील. मग कारण कोणते आणि परिणाम कोणता?

या आक्षेपाला बऱ्याच अंशी उत्तर देणारा अभ्यास कॅलिफोर्नियात झाला. डेव्हिड स्टडर्ट व सहकाऱ्यांनी २००४ ते २०१६ या काळात सुमारे २ कोटी ६३ लाख प्रौढांच्या नोंदींचा मागोवा घेतला आणि २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पिस्तूल नसलेल्यांच्या तुलनेत पिस्तूलधारक पुरुषांत बंदुकीने आत्महत्या करण्याचे प्रमाण सुमारे आठ पट आणि स्त्रियांत सुमारे पस्तीस पट आढळले. अन्य मार्गांनी होणाऱ्या आत्महत्यांचे प्रमाण मात्र शस्त्रधारकांत अधिक नव्हते. शस्त्रधारक मुळातच अधिक आत्मघातप्रवण असते, तर हे दुसरे प्रमाणही वाढलेले दिसावयास हवे होते. शिवाय धारकांच्या अशा आत्महत्यांपैकी निम्म्याहून अधिक घटना शस्त्र घेतल्यानंतर एक वर्ष उलटून गेल्यावर घडल्या होत्या. म्हणजे शस्त्र त्या हेतूने घेतलेले नव्हते. पुढे आलेल्या निराशेच्या क्षणी ते हाताशी होते.

आत्महत्या करू इच्छिणारी व्यक्ती कोणता ना कोणता मार्ग शोधतेच, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. संशोधन तिला दुजोरा देत नाही. असा आवेग बहुधा अल्पकाळ टिकतो आणि प्रयत्नातून वाचलेल्या दहांपैकी सुमारे नऊ व्यक्तींचा मृत्यू पुढे आत्महत्येने होत नाही. बंदुकीने केलेला प्रयत्न मात्र दहांपैकी आठ ते नऊ वेळा प्राणघातक ठरतो आणि दुसरी संधी देत नाही. इस्रायलच्या लष्कराने २००६ साली सैनिकांना आठवडाअखेरच्या सुट्टीत शस्त्र घरी नेण्यास प्रतिबंध केला. त्यानंतर सैनिकांच्या आत्महत्यांत सुमारे ४० टक्के घट नोंदविली गेली. स्वित्झर्लंडमध्ये २००३-०४ च्या लष्करी सुधारणेत सैन्यसंख्या निम्म्यावर आली आणि घराघरांतील लष्करी शस्त्रे कमी झाली. त्यानंतर १८ ते ४३ वयोगटातील पुरुषांच्या आत्महत्या घटल्या. टळलेल्या बंदूक-आत्महत्यांपैकी केवळ सुमारे २२ टक्क्यांच्या बाबतीत अन्य मार्ग अवलंबिला गेल्याचे २०१३ च्या अभ्यासात दिसून आले.

याहून महत्त्वाची बाब त्या घरातील इतर सदस्यांची आहे. स्टडर्ट यांच्याच गटाने २०२२ साली स्वतःकडे शस्त्र नसलेल्या, परंतु पिस्तूलधारकासमवेत राहणाऱ्या व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्ररहित घरांतील व्यक्तींच्या तुलनेत त्यांचा खून होण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक होते. घरातच जोडीदाराच्या गोळीला बळी पडण्याचे प्रमाण सुमारे सात पट होते आणि अशा बळींमध्ये बहुसंख्य स्त्रिया होत्या. परक्या हल्लेखोरापासून या व्यक्तींना अधिक संरक्षण मिळाल्याचा पुरावा मात्र आढळला नाही. शस्त्र घेण्याचा निर्णय एकाचा असतो. जोखीम मात्र ज्यांना कोणी विचारले नाही, त्या पत्नीला व मुलांनाही वाटून घ्यावी लागते. 'माझे शस्त्र, माझा हक्क' या भूमिकेत हा भाग गळून पडतो.

हिंसेचे प्रमाण आणि हिंसेची प्राणघातकता :

'बंदूक मारीत नाही, माणूस मारतो', असे अमेरिकेत वारंवार म्हटले जाते. या विधानात अर्धे सत्य आहे. फ्रँकलिन झिमरिंग व गॉर्डन हॉकिन्स यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अमेरिकेची तुलना अन्य विकसित देशांशी केली. चोरी, घरफोडी, मारहाण अशा गुन्ह्यांत अमेरिका इतर देशांपेक्षा फारशी वेगळी नव्हती. न्यूयॉर्कच्या तुलनेत लंडनमध्ये चोरी व घरफोडी कमी नव्हती. परंतु अशा गुन्ह्यांत माणसे दगावण्याचे प्रमाण न्यूयॉर्कमध्ये कितीतरी अधिक होते. तात्पर्य, अमेरिकी माणूस अधिक दुष्ट नाही. त्याच्या भांडणात वापरले जाणारे साधन अधिक घातक आहे. ज्या भांडणाचा शेवट अन्यत्र जखमेवर होतो, त्याचा शेवट येथे मृत्यूवर होतो.

शस्त्रसज्ज समाजाचा परिणाम पोलिसांच्या वर्तनावरही होतो. थांबविलेल्या प्रत्येक वाहनात बंदूक असू शकते, या गृहीतावर ज्यांना काम करावे लागते, ते पोलीस लवकर गोळी झाडतात. 'वॉशिंग्टन पोस्ट'ने २०१५ पासून ठेवलेल्या नोंदींनुसार अमेरिकेत दरवर्षी सुमारे एक हजार व्यक्ती पोलिसांच्या गोळीबारात मृत्युमुखी पडल्या. म्हणजे नागरिकांच्या शस्त्रांची किंमत निःशस्त्र नागरिकही मोजतात.

अन्य देशांचा अनुभव :

बंदुकांची संख्या हा एकमेव घटक नाही, याचे उत्तम उदाहरण स्वित्झर्लंडचे आहे. २०१७ च्या अंदाजानुसार तेथे दर शंभर व्यक्तींमागे सुमारे २८ शस्त्रे होती आणि तरीही खुनांचे प्रमाण अत्यल्प आहे. अमेरिकी समर्थक या देशाचा दाखला नेहमी देतात. परंतु तेथील शस्त्रधारणा अनिवार्य लष्करी सेवा व प्रशिक्षण यांतून आली आहे. २००७ नंतर सैनिकांच्या घरी काडतुसे ठेवणे जवळपास बंद करण्यात आले आणि २०१९ च्या सार्वमतात मतदारांनी युरोपीय संघाशी सुसंगत असे कडक नियम बहुमताने स्वीकारले. म्हणजे ज्या देशाचा दाखला मुक्त शस्त्रधारणेसाठी दिला जातो, तो प्रत्यक्षात नियंत्रित शस्त्रधारणेचा आहे.

ऑस्ट्रेलियातील पोर्ट आर्थर येथे एप्रिल १९९६ मध्ये झालेल्या गोळीबारात ३५ जण ठार झाले. त्यानंतर अल्पावधीत राष्ट्रीय शस्त्र करार झाला. अर्धस्वयंचलित रायफलींवर कडक निर्बंध आले आणि सुमारे साडेसहा लाख शस्त्रे सरकारने मोबदला देऊन परत घेतली. २०१६ च्या एका अभ्यासानुसार १९७९ ते १९९६ या काळात तेथे पाच वा अधिक बळी घेणारे १३ सामूहिक गोळीबार झाले होते. १९९७ ते मे २०१६ या काळात एकही झाला नाही. त्याच अभ्यासकांनी असेही नमूद केले की, याच काळात अन्य कारणांनी होणाऱ्या आत्महत्या व खूनही घटल्याने सर्व श्रेय कायद्याला देता येत नाही. पुढे २०१८ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात आणि डिसेंबर २०२५ मध्ये सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर असे प्रकार पुन्हा घडले. जपानमध्ये १९५८ पासून अत्यंत कडक कायदा असूनही जुलै २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची घरी बनविलेल्या बंदुकीने हत्या झाली. कायदा हिंसा संपवीत नाही. तिची वारंवारता आणि व्याप्ती कमी करतो, एवढाच माफक पण मोलाचा दावा या उदाहरणांवरून करता येतो.

परवाना व अवैध शस्त्रांचा उगम :

'कायदा पाळणारेच परवाना घेतात. गुन्हेगार घेत नाहीत', हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु अमेरिकेत अवैध ठरलेल्या बहुतेक शस्त्रांचा प्रवास वैध विक्रीतूनच सुरू होतो. पुढे चोरी, दुसऱ्याच्या नावावरील खरेदी किंवा नोंद नसलेली खासगी विक्री यांद्वारे ती गुन्हेगारांकडे पोहोचतात. संघ सरकारच्या नोंदींनुसार २०१७ ते २०२१ या पाच वर्षांत दहा लाखांहून अधिक बंदुका खासगी व्यक्तींकडून चोरीस गेल्या. वैध साठा जितका मोठा आणि सैल, तितका अवैध बाजाराला पुरवठा अधिक.

याच कारणाने खरेदीपूर्व परवान्याचे महत्त्व दिसून येते. कनेक्टिकट राज्याने १९९५ साली पिस्तूल खरेदीसाठी परवाना सक्तीचा केला. त्यानंतर तेथे बंदुकीने होणाऱ्या खुनांत लक्षणीय घट झाल्याचे अभ्यासकांना आढळले. याउलट मिसूरी राज्याने २००७ साली अशीच तरतूद रद्द केली आणि तेथे बंदुकीने होणारे खून वाढले. दोन राज्ये, दोन विरुद्ध दिशांचे निर्णय आणि त्यांना अनुरूप असे दोन विरुद्ध परिणाम, हा पुरावा केवळ आंतरराष्ट्रीय तुलनेपेक्षा अधिक विश्वसनीय मानावा लागतो.

भारतीय संदर्भ :

अमेरिकेतील बंदूक-समर्थक साहित्यात महात्मा गांधींचा एक दाखला अनेकदा आढळतो. संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या ब्रिटिश कायद्यावर गांधीजींनी तीव्र टीका केली होती, हे खरे आहे. परंतु ती टीका १९१८ सालच्या सैन्यभरतीच्या पत्रकातील होती. १८५७ नंतरच्या वातावरणातून आलेला १८७८ चा शस्त्र कायदा युरोपीयांना सूट देणारा आणि भारतीयांवर अविश्वास दाखविणारा होता. आक्षेप वांशिक अपमानावर होता; प्रत्येक घरात पिस्तूल असावे, असा त्याचा अर्थ नव्हता.

काँग्रेसच्या १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट होता. त्याचा आधार घेऊन घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये हरी विष्णू कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती सुचविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही आणि घटना समितीनेही ती फेटाळली. भारतीय राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात नागरिकाला शांततेने व 'विनाशस्त्र' एकत्र जमण्याचा हक्क आहे. अमेरिकी घटनेने जो शब्द हक्क म्हणून लिहिला, तोच भारतीय घटनेत हक्काची मर्यादा म्हणून आला.

शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवाना हा हक्क नसून शासनाने पडताळणीअंती दिलेली अनुमती आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी प्रशिक्षणाची व सुरक्षित साठवणुकीची अट घातली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. लग्न-मिरवणुकीत हर्षभराने केलेला बेपर्वा गोळीबारही दंडनीय ठरविला. कोडगूच्या कोडव समाजासारखे परंपरेने सूट मिळालेले अपवादही या चौकटीतच आहेत.

तरीही भारताचे चित्र निर्दोष नाही. २०१७ च्या अंदाजानुसार भारतीय नागरिकांकडील सुमारे ७ कोटी ११ लाख शस्त्रांपैकी केवळ ९७ लाख नोंदणीकृत होती. बंदुकीने होणाऱ्या खुनांपैकी बहुतांश खून गावठी कट्ट्यासारख्या विनापरवाना शस्त्रांनी होतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालांतून दिसते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेताना, भारतात अमेरिकेप्रमाणे शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क नाही, याकडे लक्ष वेधले. अमेरिकेचा प्रश्न वैध साठ्याच्या सैलपणाचा आहे. भारताचा प्रश्न अवैध निर्मिती व पुरवठ्याच्या नियंत्रणाचा आहे. म्हणून तेथील उपाय जसेच्या तसे येथे लागू पडणार नाहीत. घरातील शस्त्राच्या जोखमीचा निष्कर्ष मात्र परवानाधारक भारतीय कुटुंबानेही विचारात घ्यावा असा आहे.

निष्कर्ष :

१) नागरिकांच्या व्यापक शस्त्रधारणेमुळे समाज अधिक सुरक्षित होतो, या प्रतिपादनाला उपलब्ध पुरावा आधार देत नाही.
२) स्वसंरक्षणाची उदाहरणे खरी आहेत, परंतु त्यांच्या संख्येचे मोठे अंदाज पाहणीपद्धतीतील दोषामुळे फुगलेले आहेत.
३) घरातील शस्त्राची सर्वांत मोठी जोखीम परक्या हल्लेखोराला नव्हे, तर धारकाला व त्याच्या कुटुंबीयांना, विशेषतः स्त्रियांना व मुलांना असते.
४) शस्त्रांच्या उपलब्धतेमुळे हिंसेच्या वारंवारतेपेक्षा तिची प्राणघातकता अधिक वाढते.
५) केवळ शस्त्रांची संख्या नव्हे, तर परवाना, प्रशिक्षण, साठवणूक व हस्तांतरणाची नोंद हे घटक निर्णायक ठरतात.

समारोप :

शस्त्राने मिळणारी निर्भयतेची भावना खरी असते. पण भावना आणि सुरक्षितता या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकाला वाटणारा धीर दुसऱ्याच्या भीतीचे कारण होतो, तो दुसराही शस्त्र घेतो आणि अखेर दोघांच्याही घरांतील जोखीम वाढते. पोलीस वेळेवर पोहोचतील, न्याय मिळेल आणि अडचणीत शेजारी धावून येतील, असा विश्वास जेथे असतो, तेथे बंदुकीची गरज कमी भासते. हा विश्वास निर्माण करण्याचे दायित्व शासनसंस्थेचे आणि समाजाचे आहे. ते नागरिकाच्या उशाखालील पिस्तुलावर सोपविल्यास त्याची किंमत प्रथम त्याच घराला मोजावी लागते, हेच अमेरिकेच्या अनुभवाचे सार होय.